शेळी बसलेली का आहे? माइसेनच्या दरबारी शिल्पकाराचं एक प्रकरण

एक पांढरी शेळी. बसलेली, मान मागे वळवलेली, अंगावर लांब झुपकेदार केस. पोटाशी करडू लुचतंय. लांबी सुमारे 65 सेंटीमीटर, उंची 50 च्या आसपास. सगळं अंग पोर्सिलेनचं, म्हणजे अस्सल चिनीमातीचं, आतून पोकळ. 1732 साली जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात, एल्बे नदीकाठच्या माइसेनमध्ये योहान योआखिम केंडलरने ती घडवली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि पोर्सिलेनच्या कामाला लागून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

शेळी बसलेली का, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. शेळ्या बसतात, म्हणून बसलेली. पण या एका बैठकीत पोर्सिलेनच्या दरबारी शिल्पकाराचा सगळा व्यवसाय सामावला आहे. राजाला काय हवं होतं, मातीला काय झेपत होतं आणि या दोन्हींच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कितपत होतं, ते या शेळीवरून नीट समजतं.

मागणी कुठून आली

सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस, ज्याला लोक 'बलाढ्य' म्हणत, पोर्सिलेनपायी वेडा झाला होता. 1717 मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले 600 घोडेस्वार सैनिक देऊन त्या बदल्यात 151 चिनी भांडी घेतली. युरोपातली पहिली अस्सल पोर्सिलेनही त्याच्याच पदरी तयार झाली. योहान फ्रीडरिख ब्योटगर आणि शास्त्रज्ञ चिर्नहाउस यांना 1708 मध्ये ती साधली, आणि 1710 मध्ये माइसेनच्या टेकडीवरच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ल्यात यासाठी की कृती बाहेर फुटू नये.

पुढे ड्रेस्डेनमधला एक वाडा राजाने वाढवायला घेतला आणि त्याला जपानी महाल म्हटलं. खालच्या मजल्यावर चीन-जपानची पोर्सिलेन आणि वरच्या मजल्यावर माइसेनची, अशी मांडणी ठरली. पाहुण्याने वर चढावं आणि सॅक्सनीने पूर्वेवर मात केली हे त्याला डोळ्यांनी दिसावं, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी 1730 च्या सुमारास कारखान्याकडे मागणी गेली: जनावरं आणि पक्षी हवेत, शक्य तिथे खऱ्याएवढ्या आकाराचे. यादी वाढत वाढत सुमारे 300 चतुष्पाद आणि जवळपास तितकेच पक्षी इथवर पोचली.

त्या वेळी कारखान्याचा हात बसला होता तो कप, बशा, चहाच्या किटल्या, फुलदाण्या आणि लहान बाहुल्यांवर. एक मीटर लांबीचं जनावर पोर्सिलेनमध्ये भाजण्याचा अनुभव युरोपात कोणालाच नव्हता.

आधीचा माणूस आणि गोव्याहून निघालेला गेंडा

केंडलरच्या आधी हे काम योहान गॉटलीब किर्शनर करत होता. 1727 मध्ये त्याला घेतलं, 1728 मध्ये काढलं, 1730 मध्ये पुन्हा बोलावलं. या संचासाठी त्याने हत्ती केला आणि गेंडा केला. गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि खांद्यांच्या मध्ये एक जादा शिंग आहे. असा गेंडा जगात नाही.

ते शिंग आलं कुठून, तर त्या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. युरोपच्या नोंदींत त्याचं नावही 'गंडा' असंच लागलं. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने तो कधी पाहिला नाही. कोणाचं तरी रेखाटन आणि पत्रातलं वर्णन यांवरून त्याने लाकडी ठशाचं चित्र काढलं आणि त्यात ते शिंग बसवलं. दोनशे वर्षं युरोपला गेंडा म्हणून तेच चित्र माहीत होतं. किर्शनरनेही तेच समोर ठेवलं.

केंडलरचा रस्ता वेगळा. फिशबाखच्या पाद्र्याचा हा मुलगा 1706 मध्ये जन्मला आणि 1723 पासून ड्रेस्डेनचा दरबारी शिल्पकार बेन्यामिन टोमे याच्या हाताखाली शिकला. टोमे स्वतः बाल्थाझार पेरमोझरच्या तालमीतला, म्हणजे ड्रेस्डेनच्या झ्विंगर महालावरच्या दगडी मूर्ती घडवणाऱ्या परंपरेतला. 1730 मध्ये राजाने केंडलरला दरबारी शिल्पकार नेमलं आणि जून 1731 मध्ये माइसेनला पाठवलं. तिथे त्याने पुस्तकातली चित्रं बाजूला ठेवली आणि मोरित्सबुर्गच्या राजेशाही प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत जनावरं बघितली. जे जिवंत मिळालं नाही ते पेंढा भरलेलं बघितलं. राजानेही जनावरं आणायला 1731 मध्ये उत्तर आफ्रिकेत मोहीम धाडली होती. केंडलरच्या शेळीचा कान कसा पडला आहे, शिंगाच्या मुळाशी वळ्या कशा आहेत, करडू तोंड वर करून सड कसा धरतंय, हे बघितलं की हा माणूस शेळीसमोर बराच वेळ बसला होता याची खात्री पटते.

शेळी घडते कशी

दगडाचा शिल्पकार नको ते काढून टाकतो, आणि जे उरतं ते तसंच राहतं. पोर्सिलेनमध्ये शिल्पकाराच्या हातून काम सुटल्यावरही ते हलत राहतं. पहिला हिशोब आकसण्याचा. ही माती ओलेपणापासून शेवटच्या भाजणीपर्यंत प्रत्येक दिशेने साधारण 16 टक्के आकसते. म्हणजे 65 सेंटीमीटरची शेळी हवी असेल तर मूळ नमुना 77 सेंटीमीटरचा करावा लागतो, आणि 50 ची उंची हवी असेल तर जवळपास 60 चा. आकारमानाचा हिशोब केला तर साच्यातून निघालेल्या शेळीचे दहापैकी चारच्या वर भाग भट्टी गिळते.

नमुना साध्या मातीचा. तो पूर्ण झाला की त्याचे तुकडे करतात: डोकं, शिंगं, कान, धडाचे दोन-तीन भाग, पाय, करडू, खालचा चबुतरा. प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा वेगळा साचा, आणि तोही अनेक फाकांचा, कारण केसांच्या बटांखाली आणि कानामागे साचा अडकतो. गणपतीचे साचे काढणाऱ्याला हे लगेच कळेल: जिथे खाच आत वळते तिथे साच्याला आणखी एक फाक लागते. शेळीच्या अंगावर तर सगळीकडे खाचाच आहेत.

मग साच्यात माती भरायची. पातळ माती ओतून भांडी काढण्याची आजची पद्धत तेव्हा या कामात नव्हती. मातीची पोळी करून ती आतून बोटांनी दाबत बसवायची. इथे पहिली अडचण येते. पोर्सिलेनच्या मातीचा मोठा भाग केओलिन, म्हणजे एक पांढरी माती. माइसेनच्या आजच्या मातीत केओलिन साधारण 65 टक्के, फेल्डस्पार हे भट्टीत वितळणारं खनिज 25 आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी 10 टक्के असते. केओलिनला शाडूसारखा चिवटपणा नाही. वाकवली की ती फाटते. दोन पोळ्या जिथे मिळतात तिथे दाब थोडा जरी कमी पडला तरी आत सांधा राहतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि भट्टीत बरोबर तिथूनच उघडतो.

प्लास्टर पाणी ओढून घेतं, तुकडा आकसून साच्यापासून सुटतो, मग तो काढून जोडायचा. जोडायला त्याच मातीची पातळ रबडी. जोडणाऱ्या कारागिराला जर्मनमध्ये 'बॉसीरर' म्हणतात. शिंग लावणं, सांध्याची रेघ पुसून त्यावर पुन्हा केस कोरणं, पापणीची कड धारदार करणं हे त्याचं काम. दोन तुकड्यांचा ओलेपणा सारखा हवा. सुकत आलेल्या धडाला ओलं डोकं जोडलं तर डोकं नंतर जास्त आकसतं आणि मानेभोवती चीर पडते. आतली हवा आणि वाफ निघायला चबुतऱ्याच्या तळाला भोकं ठेवावी लागतात. पोकळी बंद राहिली तर तापल्यावर तुकडा फुटतो.

सुकवण्याला घाई चालत नाही. कपाला दिवस पुरतात, एवढ्या मोठ्या कामाला आठवडे लागतात, ओल्या फडक्याखाली, वाऱ्यापासून दूर. पेणच्या कारखान्यात शाडूची मूर्ती सावलीत वाळवतात तेही याचसाठी. शाडूच्या मूर्तीला तडा गेला तर तो बुजवून रंग देता येतो, कारण ती भाजायची नसते. इथे सुकताना पडलेली केसाएवढी चीर भट्टीत बोटभर रुंद होते.

भट्टीत काय बिघडतं

या मालिकेतल्या मोठ्या जनावरांच्या अंगावर तडे आहेत. छातीवर, कमरेवर, चबुतऱ्यावर, काही ठिकाणी आत डोकावता येईल इतके. संग्रहालयात पाहणाऱ्याला वाटतं की मूर्ती पडून फुटली असावी. तसं नाही, बहुतेक तडे पहिल्या दिवसापासूनचे, भट्टीतले आहेत. त्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती वेगळी ओळखता येतात.

जाडीचं कारण सगळ्यात मोठं. भार पेलायला मोठ्या मूर्तीची भिंत जाड लागते, आणि जाड भिंत बाहेरून आधी तापते, आतून उशिरा. थंड होतानाही तसंच. त्यात क्वार्ट्झची एक खोड आहे: 573 अंशांच्या आसपास त्याचे स्फटिक रचना बदलतात आणि आकारमान एकदम फरकतं. पातळ कप तो टप्पा एका दमात पार करतो. जाड धडात बाहेरचा थर तो टप्पा ओलांडून गेलेला असतो तेव्हा आतला अजून अलीकडेच असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत तडा जातो. असा तडा सरळ, कडा धारदार असलेला, झिलईसकट, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरासकट, चिरलेला दिसतो.

दुसरं कारण चबुतरा. मूर्ती आकसते तेव्हा तिचा तळ मध्याकडे सरकायला हवा. जड तळ भट्टीच्या फरशीला धरून बसतो, वरचा भाग सरकतो, आणि चबुतऱ्याला काठाकडून आत जाणारी भेग पडते. यावर कारागिरांचा उपाय म्हणजे मूर्तीखाली त्याच मातीची न भाजलेली पाटी ठेवायची, म्हणजे दोन्ही बरोबरीने आकसतात. कपाखाली हे सहज जमतं. शेळीखाली ती पाटीच एवढी मोठी होते की तिलाच तडे जातात.

तिसरं कारण मातीचं मऊ होणं. झिलईच्या भाजणीत पोर्सिलेन 1400 अंशांच्या वर जाते, आणि त्या वेळी फेल्डस्पार वितळून सगळी माती थोडी काचेसारखी, लवचीक होते. त्याशिवाय ती अर्धपारदर्शक होणार नाही, पोर्सिलेनच होणार नाही. पण त्याच क्षणी तिच्यावर तिचंच वजन असतं. उभ्या जनावराचं धड चार पायांवर असतं. मधलं पोट लवतं, पाय फाकतात. म्हणून पोटाखाली झाडाचं खोड, दगड, गवताचा झुपका असा आधार लागतो.

इथे शेळीच्या बैठकीचं उत्तर मिळतं. बसलेल्या शेळीचं पोट सगळं चबुतऱ्यावर टेकलेलं आहे. पाय अंगाखाली दुमडलेले, म्हणजे बारीक, लवकर सुकणारे, लवकर मोडणारे भाग उरलेलेच नाहीत. मान पुढे ताणलेली असती तर डोक्याच्या वजनाने ती भट्टीत लवली असती. मागे वळवल्यामुळे डोक्याचा भार धडावर येतो. करडू पोटाला चिकटून आहे आणि आईच्या कुशीचा पोकळ भाग भरून काढतं. आणि हे सगळं करताना कुठेही आधार दिल्याचं जाणवत नाही, एक आई पिलाला पाजताना मागे वळून बघते आहे एवढंच दिसतं. भट्टीची अट आणि शेळीचा स्वभाव केंडलरने एका रचनेत बसवले. वर्षभराच्या अनुभवावर हे करणं ही आमच्या मते या संचातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आकारापेक्षा कितीतरी मोठी.

रंगाचा प्रश्न

जनावरं आज पांढरी दिसतात. राजाला ती पांढरी नको होती. खऱ्या रंगात हवी होती. पोर्सिलेनवरचे पक्के रंग झिलईवर लावून पुन्हा कमी आचेवर भाजावे लागतात. आधीच तडकलेली, जाड, भली मोठी मूर्ती पुन्हा भट्टीत घालायची म्हणजे उरलंसुरलं हातचं घालवायचं. म्हणून बऱ्याच जनावरांना तेलरंग-लाखेचे कच्चे रंग लावले, न भाजता. त्यांनी तडे बुजवल्याच्या खुणाही झाकल्या जात. पण काचेसारख्या झिलईवर असा रंग धरून राहत नाही, पोपडे निघतात. पुढे तो गळला किंवा काढून टाकला गेला. आज आपण ज्या पांढऱ्या शुभ्र शेळीचं कौतुक करतो, ती केंडलरच्या राजाला अर्धवट वाटली असती.

रंगाच्या बाजूला योहान ग्रेगोरियुस हेरोल्ट होता. 1720 मध्ये व्हिएन्नाहून आलेला, माइसेनच्या रंगकामाचा कर्ता माणूस. त्याचं आणि केंडलरचं पटलं नाही, आणि भांडणाला धंद्यातलं कारण होतं. चित्रकाराला सपाट पांढरी जागा लागते. शिल्पकार तीच जागा उठावाने भरून टाकतो. कारखाना एक, माती एक, भट्टी एक, आणि भट्टीत जागा मोजकी; कोणाच्या कामाला आधी लाकूड जळायचं हा रोजचा प्रश्न.

राजा गेला, काम लहान झालं

1 फेब्रुवारी 1733 रोजी वॉर्सॉमध्ये ऑगस्टस वारला. त्याच वर्षी किर्शनर कारखाना सोडून गेला आणि केंडलर मुख्य नमुनाकार झाला. नव्या राजाने, तिसऱ्या ऑगस्टसने, महालाचं काम काही वर्षं चालू ठेवलं. केंडलरने टर्की, गिधाड, मोर, पेलिकन केले. पण यादी कधीच पुरी झाली नाही आणि पुढे महालाचा बेतच मागे पडला.

कारखान्याच्या दफ्तरात केंडलरने केलेल्या कामाच्या नोंदी आहेत: या महिन्यात अमुक नमुना केला, तमुक दुरुस्त केला, याचे पाय बदलले. नियमित वेळेनंतर केलेल्या कामांचे वेगळे दाम लावलेली यादीही आहे. त्या वाचल्या की दरबारी शिल्पकाराचा दिवस कसा जाई ते दिसतं. पदवी राजाची, पण काम मूठ, झाकण, तोटी, किटलीची चोच यांचंही. 1737 पासून काही वर्षं त्याने आणि योहान फ्रीडरिख एबरलाइनने मंत्री हाइनरिख फोन ब्र्यूल याच्यासाठी हंसांचा भोजनसंच केला, 2,200 हून अधिक नगांचा. बशीच्या तळाशी पाण्याच्या लाटांचा अगदी हलका उठाव, त्यात पोहणारे दोन हंस, मागे वेताच्या झुडपात बगळे. उजेड तिरपा पडला तरच नीट दिसतात. हेरोल्टच्या चित्रकारांना काठावरच्या कुलचिन्हा-फुलांपलीकडे फारशी जागाच राहिली नाही. आणि त्या लहान कामांत, विदूषकांच्या, फेरीवाल्यांच्या, पोपटांच्या वीतभर उंचीच्या मूर्तींत, तडे नाहीत. भिंत पातळ, वजन कमी, आच सारखी. शेळीत शिकलेलं सगळं तिथे फळाला आलं: बाहुलीच्या मागे झाडाचं खोड, घागऱ्याचा घेर खाली टेकलेला, हात कमरेवर.

1747 मध्ये क्लारा नावाची भारतातून आलेली मादी गेंडा युरोपभर फिरता फिरता ड्रेस्डेनला आली. किर्शनरला जे मिळालं नव्हतं ते केंडलरला मिळालं, खरा गेंडा समोर उभा.

पण मोठ्या आकाराचा ध्यास त्याला सुटला नाही. 1750 च्या सुमारास त्याने तिसऱ्या ऑगस्टसचा अश्वारूढ पुतळा पोर्सिलेनमध्ये करायचं मांडलं, चबुतऱ्यासह नऊ-दहा मीटर उंचीचा. तो एकसंध भाजण्याचा प्रश्नच नव्हता. असंख्य तुकडे वेगवेगळे भाजून आतल्या सांगाड्यावर बसवायचे. इथे 16 टक्क्यांचा हिशोब पुन्हा समोर येतो. सगळे तुकडे अगदी सारखे आकसले तरच सांधे जुळणार. एका भट्टीत तुकडा 15 टक्के आकसला आणि शेजारच्या भट्टीत 17, तर मीटरभर लांबीच्या दोन तुकड्यांत दोन सेंटीमीटरची फट पडते, आणि घोड्याच्या मानेवर ती फट लपवायला केसांची बट पुरत नाही. आमच्या मते हा पुतळा युद्ध झालं नसतं तरी उभा राहिला नसता. युद्ध मात्र झालं. छोटा नमुना 1753 मध्ये झाला, पूर्ण आकाराचा प्लास्टरचा नमुना उभा राहिला, आणि 1756 मध्ये प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक सैन्यासह सॅक्सनीत शिरला. कारखाना त्याच्या ताब्यात गेला. केंडलरने त्याच्यासाठीही काम केलं. 1763 मध्ये युद्ध संपलं त्याच वर्षी तिसरा ऑगस्टस वारला. पुतळ्याला गिऱ्हाईक उरलं नाही.

केंडलर 1775 मध्ये माइसेनमध्येच वारला, कारखान्यात 44 वर्षं काढून. 1753 चा तो छोटा अश्वारूढ नमुना ड्रेस्डेनच्या झ्विंगरमधल्या पोर्सिलेन संग्रहात आहे. घोडा पुढचे दोन पाय उचलून उभा.